मेल सर्व्हर नवा झाला, पण कोण मोकळं आहे तेच दिसेना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या सुट्टीत ऑफिस रिकामं होतं, तेवढ्यात आपला मेल सर्व्हर बदलला. तो मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज २०१६ होता आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, त्यामुळे एक्स्चेंजच्या नव्या सबस्क्रिप्शन एडिशनवर जाणं भागच होतं. विसर्जन आटोपून मंडळी परतली आणि रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, देवगड, अलिबाग सगळीकडून फोन सुरू झाले. मेल येतात, जातात, पण मीटिंग ठेवायला गेलं की समोरच्याचं कॅलेंडर दिसत नाही.

तेच तेच प्रश्न फोनवर, व्हॉट्सॲपवर, जेवणाच्या सुट्टीत येत राहिले. सर्व्हर सांभाळणाऱ्या आम्ही मंडळींनी ते विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे घेतले आहेत. आपल्याला हवा तो प्रश्न शोधून तेवढंच उत्तर वाचलं तरी चालेल. एकाच गोष्टीचा संबंध दोन ठिकाणी आला, तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शेड्युलिंग असिस्टंटमध्ये नावापुढे तिरक्या रेघा येतात. म्हणजे तो माणूस मोकळा आहे ना?

नाही. आणि या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा. शेड्युलिंग असिस्टंट म्हणजे मीटिंग ठेवताना सगळ्यांच्या वेळा एकाखाली एक दाखवणारी आउटलुकची खिडकी. तिथे मोकळा वेळ पांढरा दिसतो. तिरक्या रेघांचा अर्थ "माहिती मिळाली नाही" एवढाच असतो. समोरचा माणूस त्या वेळी दुसऱ्या मीटिंगमध्ये असेल, रजेवर असेल किंवा खरंच रिकामा असेल. आउटलुकला त्यातलं काहीच कळलेलं नसतं.

घोटाळा असा की "टेंटेटिव्ह" म्हणजे अजून नक्की न केलेली वेळसुद्धा रेघांनीच दाखवली जाते. फरक रंगात आहे. टेंटेटिव्हच्या रेघा निळ्या असतात आणि त्या तेवढ्याच तासावर येतात. माहिती नसल्याच्या रेघा करड्या असतात आणि बहुतेक वेळा सबंध दिवसभर पसरलेल्या दिसतात. खिडकीच्या तळाशी रंगांची खूण दिलेली असते. तिथे "नो इन्फर्मेशन" कोणतं आहे ते एकदा बघून ठेवा.

सर्व्हर बदलल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात देवगडच्या आपल्या एक सहकारी पहाटेच्या एसटीने भर पावसात रत्नागिरीला आल्या. ज्यांच्याबरोबर मीटिंग होती, ते त्या दिवशी अलिबागला होते. मीटिंग ठेवणाऱ्याने त्यांच्या नावापुढच्या रेघा "मोकळा" म्हणून वाचल्या होत्या. बाईंचा सबंध दिवस गेला. म्हणून रेघा दिसल्या तर फोन करून विचारा आणि मगच इन्व्हाइट पाठवा.

२. मेल तर व्यवस्थित येतात. मग कॅलेंडरलाच काय झालं?

मेल आणि कोण कधी मोकळं आहे ही माहिती वेगवेगळ्या वाटेने येते. आपला मेलबॉक्स सर्व्हरवर उघडला की मेल मिळतात. दुसऱ्याची मोकळी वेळ विचारायची असली की आउटलुक आधी "ऑटोडिस्कव्हर"कडून, म्हणजे सर्व्हरचे पत्ते सांगणाऱ्या सोयीकडून, पत्ता घेतं. मग त्या पत्त्यावर, एखादी वेबसाइट उघडावी तसं, अव्हेलेबिलिटी सर्व्हिसला विचारतं: अमुक माणसाचा सोमवार कसा आहे? सर्व्हर त्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये बघून उत्तर देतो. पत्ता जुना असेल, सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नसेल किंवा मध्ये प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाणाऱ्या वाटेवरचा मधला सर्व्हर) आडवी येत असेल, तर तेवढा एकच प्रश्न अडतो. मेल मात्र चालू राहतो.

आउटलुक २००३ पर्यंत पद्धत निराळी होती. प्रत्येकाचं आउटलुक स्वतःची मोकळी-व्यग्र वेळ ठरावीक अंतराने सर्व्हरवरच्या एका सार्वजनिक फोल्डरमध्ये नेऊन ठेवायचं आणि इतर जण ती तिथून वाचायचे. एक्स्चेंज २००७ आणि आउटलुक २००७ पासून थेट विचारण्याची पद्धत आली. इंटरनेटवर सापडणारे बरेच उपाय त्या जुन्या काळातले असतात. त्यांच्याबद्दल प्रश्न १६ पाहा.

३. मी स्वतः आधी काय तपासू?

ब्राउझरमधून वेबमेल उघडा. कॅलेंडरमध्ये नवी मीटिंग घ्या, त्याच माणसाचं नाव टाका आणि शेड्युलिंग असिस्टंट बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि निम्मा शोध तिथेच संपतो.

ब्राउझरमध्ये वेळ दिसते आणि आउटलुकमध्ये दिसत नाही, तर दोष तुमच्या कॉम्प्युटरच्या बाजूला किंवा सर्व्हरकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. प्रश्न ४ वर जा. ब्राउझरमध्येही दिसत नसेल, तर तुमचं आउटलुक दुरुस्त करत बसू नका. प्रश्न ७ वर जा. ही चाचणी न करता आउटलुकचं प्रोफाइल (खात्याची मांडणी) उडवून नवं केल्याचे प्रकार झाले आहेत. त्यात अर्धा दिवस मेल पुन्हा उतरवण्यात जातो आणि रेघा होत्या तिथेच राहतात.

४. ब्राउझरमध्ये सगळं दिसतं, आउटलुकमध्ये मात्र सगळ्यांच्याच नावापुढे रेघा. आता?

आउटलुकला चुकीचा पत्ता मिळतोय, किंवा बरोबर पत्ता मिळूनही तिथे पोचता येत नाही. कोणतं ते असं बघा. आउटलुक चालू ठेवा. खाली उजवीकडे घड्याळाजवळ आउटलुकचं छोटं चिन्ह असतं. कंट्रोलचं बटण दाबून धरून त्यावर उजवं क्लिक करा आणि "टेस्ट ई-मेल ऑटोकॉन्फिगरेशन" निवडा. आपला मेल पत्ता घाला, "यूज ऑटोडिस्कव्हर" एवढीच खूण ठेवा, गेसस्मार्टच्या दोन्ही खुणा काढा आणि चाचणी चालवा. निकालात "अव्हेलेबिलिटी सर्व्हिस यूआरएल" अशी ओळ येईल.

त्या ओळीत जुन्या सर्व्हरचं नाव असेल, तर ते दुरुस्त करणं आमचं काम आहे. फक्त स्क्रीनशॉट पाठवा. एक्स्चेंजचा प्रत्येक नवा सर्व्हर बसवताना ऑटोडिस्कव्हरसाठी ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (ऑफिसच्या खात्यांच्या आणि कॉम्प्युटरच्या नोंदवहीत) आपल्या नावाची नोंद करतो. ती नोंद सर्व्हरच्या अंतर्गत नावाने होते, ऑफिसने मेलसाठी ठरवलेल्या सामायिक नावाने होत नाही. वेब सर्व्हिसचा पत्ताही आधी तसाच असतो. दोन्ही हाताने बदलावे लागतात. जुना सर्व्हर नीट विस्थापित न करता नुसता बंद केला, तर त्याची नोंद मागे उरते आणि काही कॉम्प्युटर तिथेच दार ठोठावत राहतात. आपल्याकडे पहिल्या चार दिवसांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ हेच निघालं.

ओळीतला पत्ता बरोबर असेल, तर तो उचलून त्याच कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाका. युजरनेम आणि पासवर्ड विचारला, तर वाट मोकळी आहे. पान उघडलंच नाही, तर प्रॉक्सी बघा. ऑफिसच्या मेलचं नाव प्रॉक्सीतून वगळलेलं असायला हवं. कुडाळच्या तीन कॉम्प्युटरवर जुनंच नाव वगळलेलं होतं, नवं राहून गेलं होतं. आणि लाल इशारा आला तर प्रश्न ५.

दुरुस्ती झाल्याचं आम्ही कळवलं की आउटलुक पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. उघडं ठेवलं तर ते मिळालेला जुनाच पत्ता काही काळ वापरत राहतं.

५. आउटलुक उघडताना "सिक्युरिटी अलर्ट" येतो. मी "येस" करतो आणि काम चालू ठेवतो. ते चुकतंय का?

हो, कृपया "येस" करू नका. तो इशारा सांगत असतो की सर्व्हरच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आउटलुकने मागितलेलं नाव जुळत नाही. किंवा प्रमाणपत्र भरवशाच्या संस्थेने दिलेलं नाही, किंवा त्याची मुदत संपली आहे. नवा एक्स्चेंज सर्व्हर बसवताना स्वतःच स्वतःला एक प्रमाणपत्र देतो. त्याच्या जागी अधिकृत प्रमाणपत्र बसवावं लागतं. "येस" केल्यावर मेल उघडतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण मोकळी वेळ विचारणारी विनंती मागच्या मागे अडते, आणि तुम्हाला तिसरीकडेच रेघा दिसतात. शिवाय खोट्या सर्व्हरचा इशारासुद्धा न वाचता "येस" करण्याची सवय लागते, ती याहून वाईट.

इशाऱ्यात तीन ओळी असतात. प्रत्येकीपुढे ठीक असल्याची किंवा इशाऱ्याची खूण असते. इशाऱ्याची खूण कोणत्या ओळीपुढे आहे आणि वरती सर्व्हरचं नाव काय लिहिलंय, तेवढं कळवा.

एकट्या तुमच्याच कॉम्प्युटरवर इशारा येत असेल, तर आधी तारीख बघा. वीज वारंवार जाऊन आणि जुना सेल संपून मदरबोर्डवरचं घड्याळ मागे जातं. मग कॉम्प्युटरला वाटतं की प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कमध्ये, लॉगिन व्हायलाही घड्याळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, ही लॉगिन तपासणाऱ्या केर्बेरोस पद्धतीची मूळ मर्यादा आहे. सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल बदलला की दोन्ही दुखणी जातात. हा सेल पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावा असं मी प्रत्येक शाखेला सांगतो.

६. आमच्या शाखेत विंडोज ७ आणि आउटलुक २०१० आहे. कालपर्यंत चालत होतं!

कालचा सर्व्हर जुन्या पद्धतीने बोलायला तयार होता. एक्स्चेंज २०१९ आणि त्यानंतरचे सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये टीएलएस १.२ पेक्षा जुनं जोडणीतंत्र स्वीकारत नाहीत. विंडोज ७ मध्ये ते आहे, पण आउटलुक ज्या भागातून जातं तिथे आपोआप चालू नसतं. विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये बदल करून ते चालू करता येईलही. तरी मी तो सल्ला देणार नाही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि आउटलुक २०१० साठी नव्या सर्व्हरचा आधारच नाही. कॉम्प्युटर बदलून येईपर्यंत ब्राउझरमधून वेबमेल वापरा. मीटिंग ठेवायला तो पुरेसा आहे.

७. वेबमेलमध्येही कुणाचीच वेळ दिसत नाही.

मग दोष सर्व्हरकडे आहे. "सगळ्यांचं दिसत नाही" याचा नेमका अर्थ मात्र तपासा. तीन नावं घालून बघा: एक आपल्याच शाखेतलं, एक दुसऱ्या शाखेतलं आणि एक सभागृहाचं. तिन्हींपुढे रेघा असतील, तर लगेच फोन करा, मेलची वाट बघू नका. एकाच नावापुढे असतील तर प्रश्न ८. ठरावीक शाखेच्याच नावांपुढे असतील तर प्रश्न १३ वाचा.

८. बाकी सगळे दिसतात. फक्त चिपळूणच्या एका साहेबांच्या नावापुढे रेघा येतात.

बहुधा तुमच्या आउटलुकला त्यांचा जुना पत्ता आठवतोय. "टू"च्या चौकटीत दोन अक्षरं टाकली की नाव आपोआप सुचवलं जातं. त्या सुचवणीमागे मेल पत्ता नसतो, एक लांबलचक अंतर्गत ओळख असते. आपण मेलबॉक्स एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवले, त्यात ही ओळख टिकली. पण चिपळूणचे काही मेलबॉक्स हलेनात. ते नव्याने बनवून त्यांत पीएसटी फाइल (जुन्या मेलबॉक्सची उतरवून ठेवलेली प्रत) घालावी लागली. नव्या मेलबॉक्सला नवी ओळख मिळाली आणि तुमच्या यादीत जुनीच राहिली. त्या जुन्या नावावर पाठवलेला मेल "आयएमसीईएएक्स"ने सुरू होणारा विचित्र पत्ता दाखवत परत येत असेल, तर निदान पक्कं.

तुमच्यापुरता उपाय असा: सुचवलेल्या नावापुढची फुली दाबून ते काढून टाका आणि नाव ग्लोबल ॲड्रेस लिस्टमधून पुन्हा निवडा. कायमचा उपाय आमच्याकडे आहे. त्या मेलबॉक्सला जुनी ओळख एक्स५०० पत्ता म्हणून जोडली की सगळ्यांच्या जुन्या सुचवण्या पुन्हा चालतात. म्हणून नाव काढून टाकलं तरी आम्हाला कळवा, नाहीतर तुमच्यानंतरच्या दहा जणांना हाच त्रास होईल.

माणूस नवीनच रुजू झाला असेल आणि नावच सापडत नसेल, तर एक दिवस थांबा. आउटलुक पत्त्यांची यादी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतं आणि ती साधारण दिवसातून एकदाच ताजी होते. तोवर त्याचा पूर्ण मेल पत्ता टाइप करा.

ओळख बरोबर आहे, नावही बरोबर, तरी रेघा? मग त्यांच्या कॅलेंडरची परवानगी बघावी लागेल. ते पुढच्या उत्तरात आहे.

९. माझं कॅलेंडर कुणाला किती दिसतं? बिझी दिसावं, पण डॉक्टरकडे जातोय ते दिसू नये.

कॅलेंडरवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमधला परमिशन्सचा भाग उघडा. तिथे "डीफॉल्ट" नावाची ओळ असते. तीच ऑफिसातल्या सगळ्यांना लागू होते. तिथे "फ्री/बिझी टाइम" असेल तर इतरांना फक्त निळा ठोकळा दिसतो. त्याच्या पुढची पायरी निवडली तर विषय आणि ठिकाणही दिसतं. "रिव्ह्यूअर" केलं तर सगळं वाचता येतं. "नन" असेल तर रेघा. काही जणांनी गोपनीयतेसाठी "नन" केलं होतं. त्यांना माझी विनंती आहे की ते "फ्री/बिझी टाइम" करा. त्यात तुमचं काहीही उघडं पडत नाही आणि लोकांचे फोन वाचतात.

एखादीच नोंद झाकायची असेल तर तिच्यावर "प्रायव्हेट" करा. वेळ व्यग्र दिसेल, तपशील दिसणार नाही. तुमच्या कॅलेंडरवर काम करणाऱ्या सहायकाला प्रायव्हेट नोंदी दाखवायच्या की नाही, हेही वेगळं ठरवता येतं.

ज्यांचे मेलबॉक्स नव्याने बनले (प्रश्न ८), त्यांच्या परवानग्या मूळपदावर गेल्या आहेत. पीएसटीमधून नोंदी येतात, परवानग्या येत नाहीत. सहायकांना दिलेले अधिकार त्यांनी पुन्हा द्यावेत.

१०. सगळ्या मीटिंग अर्ध्या तासाने सरकल्या आहेत. दुसऱ्या एकाच्या तर मध्यरात्री दिसतात.

टाइम झोन चुकला आहे, आणि किती फरक पडतोय त्यावरून कोणता ते कळतं. भारताची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे. अर्ध्या तासाचा फरक म्हणजे कुणीतरी नुसतं "पाच तास पुढे" निवडलंय. पाव तासाचा असेल तर काठमांडू निवडलं गेलंय. साडेबारा तासांचा असेल तर सेटिंग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहिलंय, आणि थंडीत तोच फरक साडेतेरा तासांचा होतो, कारण तिथली घड्याळं तेव्हा एक तास मागे घेतात. आपल्याकडे तसं काही नसतं.

वेबमेल पहिल्यांदा उघडताना भाषा आणि टाइम झोन विचारतो. घाईत पहिलंच दिसेल ते निवडलं गेलं असावं. वेबमेलच्या सेटिंगमध्ये आणि विंडोजच्या घड्याळात, दोन्हीकडे "चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली" हाच झोन ठेवा.

झोन दुरुस्त केला तरी चुकीच्या झोनमध्ये असताना घातलेल्या नोंदी आपोआप जागेवर येत नाहीत. त्या एकेक करून हलवाव्या लागतात. दिवसभराच्या नोंदी दोन दिवसांवर पसरलेल्या दिसल्या, तर त्या काढून पुन्हा घाला. घड्याळाचे काटे फिरवून मात्र फरक भरून काढू नका. त्याने लॉगिनच अडेल (प्रश्न ५).

११. शिमग्याची रजा कॅलेंडरमध्ये टाकली, तरी मी फ्री दिसतोय!

"ऑल डे" अशी खूण केलेली नोंद आउटलुक आपोआप "फ्री" धरतं. वाढदिवस, सण अशा नोंदींसाठी ते बरोबर आहे, रजेसाठी नाही. नोंद उघडून "शो ॲज"मध्ये "आउट ऑफ ऑफिस" निवडा. शाखेतून काम करणार असाल तर "वर्किंग एल्सव्हेअर" आहे.

दुसरा गैरसमज असा की मेलला आपोआप उत्तर जाईल अशी सोय लावली, म्हणजे कॅलेंडरही अडलं. आउटलुकच्या जुन्या खिडकीतून ते होत नाही. वेबमेलमध्ये ती सोय लावताना कॅलेंडर अडवण्याचा वेगळा पर्याय दिसतो. त्यावर खूण करावी लागते. कोकणातल्या ऑफिसात गणपती आणि शिमग्याला निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. त्या आठवड्यात सगळे "फ्री" दिसले, तर मुंबईची मंडळी बिनधास्त मीटिंग ठेवणार, आणि त्यात चूक त्यांची नसेल.

१२. सभागृह एकाच वेळी दोघांना मिळालं. आणि वर्षभराची सोमवारची मीटिंग ठेवली तर सभागृहाने नकार दिला. हे काय चाललंय?

दोन वेगळे प्रश्न आहेत, पण एकाच दमात विचारले जातात, म्हणून इथे एकत्र.

दुहेरी बुकिंग आधी. सभागृहालाही स्वतःचा मेलबॉक्स असतो आणि विनंती आली की तो स्वतःच हो किंवा नाही म्हणतो. त्यासाठी त्याचं "आपोआप स्वीकारा" चालू असावं लागतं. आपली दोन सभागृहं नव्याने बनवताना ते बंद राहिलं. कमांड देऊन बनवलेल्या रूममध्ये ते आपोआप चालू होत नाही. मग येणारी प्रत्येक विनंती टेंटेटिव्ह म्हणून नोंदली गेली आणि दोघांनाही जागा आपलीच वाटली. आता ते चालू केलं आहे. तरी सुट्टीच्या आधी केलेली बुकिंगं त्या दोन सभागृहांच्या नव्या कॅलेंडरमध्ये नाहीत. तुमच्या कॅलेंडरमध्ये दिसतात, सभागृहाच्या नाहीत. ज्यांनी ती केली होती, त्यांनी मीटिंग उघडून "सेंड अपडेट" करावं. सभागृहाकडून होकाराचा मेल आला की जागा तुमची.

आणि चिपळूणचं तळमजल्यावरचं सभागृह कृपया निवडू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आपण बैठका वरच्या मजल्यावर नेल्या. जुन्या सभागृहाचा मेलबॉक्स मात्र पत्त्यांच्या यादीत तसाच होता, आणि नव्या सर्व्हरवर येताना तोही बरोबर आला. रिकामं दिसतं म्हणून तिघांनी ते बुक केलं. आता तो यादीतून लपवला आहे, पण जुन्या सुचवणीत (प्रश्न ८) दिसू शकतो.

वर्षभराच्या मीटिंगचा नकार हा बिघाड नव्हे. रूम किती पुढपर्यंत बुक करता येईल, याची मूळ मर्यादा १८० दिवस आहे. मालिकेची शेवटची तारीख त्यापुढे गेली तर सबंध मालिका नाकारली जाते. सहा महिन्यांच्या आतली शेवटची तारीख द्या, नंतर वाढवा. मुदतच न घातलेली मालिका, "नो एंड डेट" वाली, तर नकोच.

१३. अलिबागचे मेलबॉक्स क्लाउडवर आहेत. त्यांना आमची वेळ दिसते, आम्हाला त्यांची नाही. असं एकतर्फी कसं होतं?

कारण दोन्ही दिशांचे दरवाजे वेगळे आहेत. आपला सर्व्हर क्लाउडला विचारतो तेव्हा त्याला स्वतःची ओळख पटवावी लागते. क्लाउड आपल्याला विचारतं तेव्हा आपल्या बाहेरच्या पत्त्यावर, आपल्या फायरवॉलमधून आत यावं लागतं. म्हणून एक दिशा चालते आणि दुसरी अडते.

पूर्वी सगळ्यांचे स्थानिक सर्व्हर एका सामायिक ओळखीने क्लाउडकडे जात असत. सुरक्षेच्या कारणाने मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये प्रत्येक संस्थेसाठी स्वतंत्र हायब्रिड (स्थानिक सर्व्हर आणि क्लाउड जोडणारं) ॲप आणलं आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतर जुनी वाट बंद केली. ते ॲप बसवलं नाही तर नेमकं हेच लक्षण दिसतं: स्थानिक माणसाला क्लाउडवरच्याची वेळ, फोटो आणि मेल लिहितानाच्या सूचना दिसत नाहीत, मेल मात्र सुरळीत. उलट दिशा अडली असेल, तर फायरवॉल, बाहेरचा पत्ता आणि प्रमाणपत्र बघावं लागतं.

तुम्हाला यातलं काहीच करायचं नाही. फक्त कळवताना "दिसत नाही" एवढं लिहू नका. कुणाला कुणाचं दिसत नाही, ते लिहा. "कुडाळहून अलिबागचं दिसत नाही, अलिबागहून कुडाळचं दिसतं" या एका वाक्याने आमचे दोन तास वाचतात.

१४. साहेबांचं कॅलेंडर मी माझ्याकडे उघडून ठेवलंय. शेड्युलिंग असिस्टंटमध्ये ते बिझी आहेत, पण उघडलेल्या कॅलेंडरमध्ये ती मीटिंगच नाही.

शेड्युलिंग असिस्टंट त्या क्षणी सर्व्हरला विचारतं. उघडून ठेवलेलं कॅलेंडर ही तुमच्या कॉम्प्युटरवर उतरवलेली प्रत असते आणि ती मागे पडू शकते. दोघांत फरक दिसला तर असिस्टंटवर विश्वास ठेवा आणि वेबमेलमध्ये खात्री करा. प्रत रोजच मागे पडत असेल, तर ते कॅलेंडर यादीतून काढून ॲड्रेस लिस्टमधून पुन्हा जोडा. सर्व्हर बदलण्याआधी जोडलेली कॅलेंडरं अशी अडकलेली आढळली आहेत.

१५. पावसात नेट गेलं की काय होतं? मी तर मीटिंग स्वीकारली होती.

नेट नसतानाही आउटलुक तुम्हाला काम करू देतं, कारण मेलबॉक्सची प्रत कॉम्प्युटरवर असते. तुम्ही "ॲक्सेप्ट" दाबलंत, तुमच्या कॅलेंडरमध्ये निळा ठोकळा आला, पण सर्व्हरला अजून पत्ता नाही. इतरांना ती वेळ मोकळी किंवा टेंटेटिव्हच दिसत राहते. खालच्या पट्टीवर "कनेक्टेड" किंवा "डिस्कनेक्टेड" लिहिलेलं असतं, आणि न गेलेली उत्तरं आउटबॉक्समध्ये पडून असतात. घरी निघण्यापूर्वी आउटबॉक्स रिकामा आहे ना ते बघा.

घाटात दरड आली, गाड्या खोळंबल्या, शाखेची लाइन तुटली, अशा दिवशी मोबाइल डेटावरून वेबमेलमध्ये जाऊन आपली वेळ "आउट ऑफ ऑफिस" करा. तिथे केलेला बदल सर्व्हरवरच होतो, म्हणून इतरांना लगेच दिसतो.

१६. भाच्याने सांगितलं, "क्लीनफ्रीबिझी" अशी एक कमांड आहे, ती चालवली की सगळं ठीक होतं. चालवू?

चालवून नुकसान नाही, पण आता उपयोगही नाही. ती कमांड सार्वजनिक फोल्डरमध्ये ठेवलेली आपली जुनी माहिती पुसून नव्याने लिहिण्यासाठी होती (प्रश्न २). आपल्या सर्व्हरवर तो फोल्डरच वापरात नाही. भाच्याला प्रश्न ३ ची चाचणी करून बघायला सांगा.

१७. मोबाइलवर गुगल कॅलेंडर वापरतो. ऑफिसला ते दिसेल का?

नाही. खाजगी गुगल खात्यातल्या नोंदी आपल्या सर्व्हरला दिसत नाहीत. फोनवर दोन्ही कॅलेंडरं एकाच पडद्यावर दिसतात, म्हणून ती एक झाली असं वाटतं. नवी नोंद करताना ती कोणत्या खात्यात जाते ते बघा आणि ऑफिसच्या वेळेतल्या नोंदी ऑफिसच्या खात्यातच घाला. सर्व्हर बदलल्यापासून फोनवर ऑफिसचं कॅलेंडर थांबलं असेल, तर ते खातं फोनमधून काढून पुन्हा जोडा.

१८. तक्रार कळवताना काय काय लिहू?

कुणाच्या खात्यातून बघताय, कुणाची वेळ दिसत नाही, उलट दिशेने दिसते का. वेबमेलमध्ये काय दिसतं. कधीपासून. शाखेत एकट्यालाच की सगळ्यांना. प्रश्न ४ मधल्या चाचणीचा स्क्रीनशॉट मिळाला तर फारच बरं, पण त्यासाठी अडून राहू नका. आणि आजच्या आज मीटिंग ठेवायची असेल, कुणी लांबून येणार असेल, तर ते पहिल्याच ओळीत लिहा. अशा माणसाची वेळ आम्ही सर्व्हरवर बघून तुम्हाला फोनवर सांगू, दुरुस्ती त्यानंतर करू.